दोन दिवस वर्गात, तीन दिवस घरी: प्रकल्प नोंदी

४ जून

मंजुरी मिळाली. आमच्या चार ते सात वयाच्या मिश्र वर्गात या वर्षी पाच मुलं अर्धवेळ येतील, आठवड्यातले दोन दिवस शाळेत आणि तीन दिवस घरी. बाकीची मुलं रोज येणारी. मुख्याध्यापिकांनी नोंदी ठेवायला सांगितल्या आहेत. पालकांनाही वाचता येतील अशा ठेवायच्या, कोणाचं नाव न घालता आणि अहवालाची भाषा न वापरता. हे शेवटचं मला आवडलं.

पालकांच्या पहिल्या बैठकीत सगळा वेळ "किती दिवस" यातच गेला. दोन पुरेत की तीन हवेत? नुसती सकाळ की पूर्ण दिवस? मला विचाराल तर दिवस ठरवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. मंगळवारी घरी काय झालं ते गुरुवारी मला कळणार कसं, आणि वर्गात अर्धवट राहिलेली गोष्ट घरी कोण आणि कुठून उचलणार, यावर कोणी तोंड उघडलं नाही. पुढच्या बैठकीचा विषय हाच.

७ जून

कायद्याचं आधी उरकून घेतलं. एका वडिलांनी परदेशातल्या नातेवाइकांचं उदाहरण दिलं, "तिकडे सर्रास चालतं" म्हणाले. तिकडे म्हणजे कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. जर्मनीत मुलाने शाळेत जाणं सक्तीचं आहे. युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही २०१९ मध्ये एका घरशिक्षण करणाऱ्या कुटुंबाच्या खटल्यात जर्मन सरकारची बाजू उचलून धरली. फ्रान्समध्ये तिसऱ्या वर्षापासून शिक्षण सक्तीचं, आणि २०२२ पासून घरी शिकवायचं तर आधी परवानगी काढावी लागते. इंग्लंडच्या १९९६ च्या कायद्यात मूल शाळेत जाऊन किंवा "अन्य प्रकारे" शिकू शकतं, पण निम्मं इथे निम्मं तिथे हवं असेल तर ते मुख्याध्यापकांच्या मर्जीवर, हक्क म्हणून मागता येत नाही. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. आयोवात घरी शिकणाऱ्या मुलाचं नाव सरकारी शाळेत ठरावीक विषयांपुरतं घालता येतं. भारतातला २००९ चा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शिक्षणहक्काचा आहे, घरशिक्षणाबद्दल त्यात वेगळं कलम नाही.

थोडक्यात, दुसऱ्या देशातल्या कुटुंबाची घडी उचलून इथे बसवू नका एवढंच सांगितलं. आमची पाचही मुलं शाळेच्या पटावर आहेत आणि घरच्या दिवसांची हजेरीपटातली खूण लेखी ठरली आहे. विषय संपला.

१२ जून

दिवस ठरले: सोमवार आणि गुरुवार. पालकांना सोमवार-मंगळवार सलग हवे होते, नोकरीच्या सोयीने ते बरोबरच. मी अडून बसले. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने निरर्थक अक्षरजुळण्या स्वतःच पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून हे पुन्हापुन्हा दिसलंय की एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा तेवढाच सराव अंतर ठेवून केला तर जास्त टिकतो. पण माझं खरं कारण पाठांतराचं नाही. चार वर्षांच्या मुलाला पाच दिवसांनी तोच वर्ग परका वाटतो. दप्तर कुठे ठेवायचं इथपासून पुन्हा सुरुवात.

एका घराला गुरुवार शक्यच नव्हता. त्यांची मुलगी सोमवार-मंगळवार येईल. बघू.

१९ जून

आजची बैठक कामाच्या वाटणीवर. पालकांचा प्रस्ताव विषयांनी वाटून घेण्याचा: भाषा घरी, गणित शाळेत, चित्र-गाणी शाळेत, परिसर घरी. कागदावर छान दिसतं. पण पाच वर्षांचं मूल घरी जिने मोजत चढतं, तेव्हा आईने काय करायचं, "मोजू नकोस, ते सोमवारी" म्हणायचं?

मी वाटणी दुसरीकडून मांडली. जे एकट्याने होत नाही ते वर्गात: खेळाचे नियम ठरवणं, आपली पाळी येईपर्यंत दम धरणं, दुसऱ्याने उत्तर वेगळ्या वाटेने काढलेलं बघणं, नाटुकलं, समूहगान, भांडण आणि त्यानंतरची दिलजमाई. जे गर्दीत होत नाही ते घरी: मांडीवर बसून वाचन, एका मुलाच्या बोटाकडे बघत अक्षर गिरवून घेणं, आणि एकाच गोष्टीत तास-दीड तास रमणं. मोन्टेसोरींनी १९०७ मध्ये रोममधल्या सॅन लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह काढलं. त्यांच्या पद्धतीत पुढे सलग तीन तासांचा अखंड कामाचा वेळ ही मोठी गोष्ट मानली गेली. आमच्या वेळापत्रकात तो कधी मिळत नाही, घंटा मध्ये येतेच. तीन दिवस घरी असणाऱ्या मुलाला तो फुकट मिळतो. मात्र घरच्यांनी घंटा वाजवली नाही तरच.

मग इप्सिलँटीच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या या गावात १९६२ ते १९६७ या काळात पेरी बालशाळेचा प्रयोग झाला. गरीब घरांतल्या १२३ मुलांचे दोन गट केले, त्यातला एक गट बालशाळेत गेला, आणि पुढे ही मुलं चाळिशीची होईपर्यंत दोन्ही गटांचा माग ठेवला. बालशाळेचा फायदा होतो हे सांगायला हा प्रयोग सगळे पुढे करतात. त्या बालशाळेत मुलं रोज सकाळी फक्त अडीच तास असत, आणि शिक्षिका दर आठवड्याला प्रत्येक घरी दीड तास जाऊन आईबरोबर बसत, हे मात्र सांगताना गळून जातं. वर्गाने किती फरक पडला आणि घरभेटीने किती, हे त्या मांडणीतून वेगळं काढताच येत नाही. दोन्ही एकत्रच दिलं होतं.

आठवड्याला घरभेट मला जमणार नाही. महिन्याला एक, असं ठरलं.

२४ जून

देवघेवीची वही सुरू. मूल येताना आणतं, जाताना नेतं. नियम: एका बाजूला तीन ओळी, जास्त नाही. पहिल्याच सोमवारी एका वहीत दीड पान आलं, त्यात "पूर्ण केले" हा शब्द ओळीओळीला. काय पूर्ण झालं हे मला नको आहे. मुलाने आपणहून काय केलं, कुठे अडलं, आणि काय विचारलं, एवढं हवं. एका आजोबांची नोंद नमुना म्हणून सगळ्यांना वाचून दाखवली (त्यांना विचारून): "सावली सकाळी लांब का, असे तीनदा विचारले. मी उत्तर दिले नाही. खडूने खुणा करत आहे." गुरुवारी त्या मुलाला अंगणात खडू दिला आणि रोजच्या मुलांना त्याच्या हाताखाली दिलं. वर्गात तो आजवर बोललाही नव्हता.

१ जुलै

वर्गाच्या कोपऱ्यात मुलांनी दवाखाना मांडलाय. रोज येणाऱ्यांनी तो मंगळवारी काढला. गुरुवारी अर्धवेळची दोघं आली तेव्हा डॉक्टर, नर्स, कंपाउंडर सगळ्या जागा भरलेल्या. "तू पेशंट हो." सोमवारी पुन्हा पेशंट. सहा वर्षांचा मुलगा झोपून राहिला आणि मग उठून खिडकीशी जाऊन बसला.

मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये लहान मुलांच्या खेळाच्या पायऱ्या मांडल्या: एकट्याने खेळणं, नुसतं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, मग देवाणघेवाण करत खेळणं, आणि शेवटी मिळून एकाच हेतूने खेळणं. अर्धवेळ मूल दर वेळी बघत राहण्याच्या पायरीवर परत येतं. ते मागे आहे असं नाही. खेळ त्याच्याशिवाय पुढे गेलेला असतो. पालक अभ्यास बुडेल म्हणून घाबरतात. अभ्यास बुडत नाही, तो एकास एक शिकवून भरून निघतो. बुडतो तो खेळातला मधला भाग, आणि तो घरी कोणालाच भरून देता येत नाही.

जागा वाटून देऊन हे सुटणार नाही. मी "आज हा डॉक्टर" म्हटलं की खेळ माझा होतो, मुलांचा राहत नाही. थांबते.

८ जुलै

थांबले ते बरं झालं. रोज येणाऱ्यांतली एक मुलगी दवाखान्यात वही घेऊन बसली. कोणाचं काय दुखतंय ते चित्रं काढून लिहायला लागली, जमेल तिथे अक्षरं. गुरुवारी खिडकीशी बसणारा मुलगा आला, वही उघडली आणि म्हणाला, "याचा पाय अजून बरा नाही? प्लास्टर कोण काढणार?" तो वाचतो बाकीच्यांपेक्षा बराच पुढचं. पाच मिनिटांत वही त्याच्या ताब्यात. आता "कालचं काय झालं" हे वाचून दाखवणं त्याचं काम, आणि त्याच्यासाठी म्हणून रोजची मुलं लिहितात. लिहा म्हणून मी इतके दिवस मागे लागले होते!

माझ्याकडून केलं ते इतकंच: मोठे, आठवडाभर चालणारे उपक्रम यापुढे सोमवारी सुरू करायचे. मंगळवारी नाही.

१५ जुलै

गणितावर खटका. पावणेसात वर्षांचा मुलगा ४७ अधिक ३८ खडाखडा सोडवतो: सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. "हा एक कुठून आला?" विचारलं. "तो आईच्या हातात असतो." वर्गात आम्ही अजून काड्यांचे गठ्ठे बांधतोय, त्याला ते बाळबोध वाटतं. वहीत आईची ओळ: "शाळेत मागे नेत आहेत का?"

फोनवर बोललो. हातचा सोडा असं मी म्हटलं नाही, ती रीत चांगली आहे आणि आयुष्यभर पुरते. म्हटलं, काड्या समोर ठेवा. पंधरा सुट्या झाल्या की दहांचा गठ्ठा त्यालाच बांधू दे, आणि "हातचा एक" म्हणताना तो गठ्ठा उचलून दशकांच्या घरात ठेवू दे. तोंडाने हातचा, हाताने गठ्ठा. पुढच्या सोमवारी त्याने स्वतःहून सांगितलं, "तो एक नाही, दहा आहे." वर्गात हे त्याने दुसऱ्या मुलीला समजावलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

संख्यांच्या नावांवरही बोलायला हवं. "एकोणतीस" म्हटलं की अर्धी मुलं ३९ लिहितात, कानाला तीस आणि नऊचा भास होतो म्हणून. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये "वीस एक" अशी फोड करून वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. आमचं ठरलं: घरी रूढ नाव, वर्गात काड्या मांडताना फोड. मुलांना दोन्हींचा गोंधळ होत नाही. तो मोठ्यांना होतो.

२२ जुलै

"ताई असं नाही शिकवत." हे वाक्य या आठवड्यात दोन घरांतून आलं. आणि वर्गात मला, "माझी आई असं नाही करत." एक आई दुखावली गेली आहे. मला यात काळजीचं काही दिसत नाही. मूल दोन रीती शेजारी शेजारी ठेवून बघतंय, वर्गात बसून एकच रीत पाहणाऱ्याला ही संधीच नाही. "मग मला दाखव, ताई कसं करतात" एवढं उत्तर पुरे. दाखवता आलं तर शिकलंय, नाही आलं तर मला वहीत कळवा.

३० जुलै

घरभेट. भिंतीवर हाताने आखलेलं वेळापत्रक, आठ तासिका, मधली सुट्टी लाल रंगात. मूल सहा वर्षांचं. आईने रात्र जागून केलेलं दिसत होतं, त्यामुळे सांगताना जीभ जड झाली. शाळेचा दिवस सहा तासांचा, म्हणून घरीही सहा तास, हा हिशोब. पण शाळेच्या सहा तासांत काय काय असतं? रांगेत उभं राहणं, वह्या वाटणं, दुसऱ्याची पाळी, कोणाचं पेन्सिलचं टोक, परिपाठ, हात धुणं. एका मुलाला समोर बसवून शिकवताना यातलं काहीच लागत नाही. शार्लट मेसन इंग्लंडमधल्या घरी शिकणाऱ्या मुलांसाठी १८९१ पासून टपालाने अभ्यासक्रम पाठवत. त्यांच्याकडे आठ वर्षांखालच्या मुलाचा पाठ २० मिनिटांपेक्षा लांब नसे. असे तीन-चार पाठ दिवसाला झाले की या वयाला बास.

"मग उरलेला वेळ?" असं तिने विचारलं. रास्त आहे. घरातलं खरं काम करू दे: घड्या, मोजमाप, झाडांना पाणी, चिठ्ठ्या. आणि कंटाळू दे. कंटाळलेलं मूल थोड्या वेळाने काहीतरी उकरून काढतंच, पण तेवढा वेळ मोठ्याने कळ काढायला हवी. वेळापत्रक तिने काढलं नाही, खालच्या पाच तासिका खोडल्या. मला तेवढं चालेल.

दुसऱ्या घरी आजी शिकवते. तिचं पावकी-निमकी अजून तोंडपाठ आहे, आणि गोष्ट सांगताना ती नेमकी ऐन रंगात थांबते. तिला मी काय सुचवणार?

६ ऑगस्ट

वाचन. घरी कोणतं पुस्तक द्यायचं यावरून गोंधळ होता, पालक एक इयत्ता वरचंच मागतात. न्यूझीलंडच्या मारी क्ले यांची साधी रीत वापरतेय: मूल मोठ्याने वाचत असताना शेजारी बसून बरोबर शब्दाला बरोबरची खूण, चुकलेल्या शब्दाची नोंद. शंभर शब्दांत दहाच्या वर चुका, तर ते पुस्तक अजून जड. ते मोठ्यांनी वाचून दाखवायचं. पाचाहून कमी चुका, तर एकट्याने वाचायला मोकळं. मधलं पुस्तक शेजारी बसून वाचायचं, आणि ते घरीच नीट होतं. वर्गात माझ्याकडे एका मुलामागे इतका वेळ नसतो.

अक्षरांची एक अडचण: पडद्यावर आणि काही छापील पुस्तकांत ल आणि श वेगळ्या वळणाचे दिसतात. घरी टॅबवर शिकलेली मुलगी फळ्यावरचा ल ओळखेना. दोन्ही वळणांचं कार्ड करून सगळ्यांच्या वहीत चिकटवलं. बाराखडी की चौदाखडी यावर त्या सावलीवाल्या आजोबांशी चर्चा झाली. ॲ आणि ऑ त्यांना मान्य नाहीत. मुलाला "बॅट" लिहायची असते, त्यामुळे निकाल त्यानेच लावला.

१३ ऑगस्ट

सर्दी-खोकला. अर्धवेळची तिघं एकदम आजारी. घरात एकटं वाढलेलं मूल गटात आलं की पहिले काही महिने हे होतंच. गैरहजेरीत वही सुद्धा पाठवू नका असं कळवलं.

२१ ऑगस्ट

परिपाठात एका पाच वर्षांच्या मुलीने विचारलं, "तो उद्या का येत नाही? त्याला शाळा आवडत नाही?" माझ्या आधी तोच म्हणाला, "माझी उद्या घरची शाळा असते." लगेच दुसरा प्रश्न, "मग मला का नाही?" याला सोपं उत्तर नाही. काही घरांत दिवसा कोणी मोठं माणूस मोकळं असतं, काही घरांत नसतं. हा फरक मुलांना कळतो आणि आपण तो गोड बोलून झाकू नये. "प्रत्येक घराची सोय वेगळी असते" असं म्हणाले. तिचं समाधान झालं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं.

मुख्याध्यापिकांशी यावर बोलले. ही व्यवस्था ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचीच राहणार हे आम्हा दोघींनाही मान्य आहे. निदान देवघेवीची वही रोज येणाऱ्या मुलांनाही द्यावी, असं त्यांनी सुचवलं. त्यांचीही संध्याकाळ आणि सुट्टी घरीच जाते, आणि तिथे काय होतं ते मला आजवर फारसं ठाऊक नव्हतं. आठवड्याला एकदा, तीनच ओळी. ज्या घरी लिहिणं अवघड, तिथलं मूल सोमवारी तोंडी सांगेल आणि मी लिहीन.

२ सप्टेंबर

सोमवार-मंगळवार येणाऱ्या मुलीचं. सोमवारची पहिली दीड तासिका ती दाराशी, मंगळवारी सगळ्यांत मिसळलेली, आणि मग पाच दिवस नाही. दवाखान्याची वही तिला उपयोगी पडत नाही, इतक्या दिवसांचं साठतं की वाचून संपत नाही. एका मुलीवरून नियम काढणार नाही, तिचा स्वभावही सावध आहे. पण आई-वडिलांनाही हेच दिसलं. त्यांनी दोन पर्याय ठेवले: कामाच्या वेळा बदलून गुरुवार घेणं, किंवा तिला रोज पाठवणं. मुलीला विचारलं तर "रोज" म्हणाली, आणि नंतर "पण शुक्रवारी नाही". चार दिवसांवर तडजोड झाली. हजेरीपटात आता तिसरी खूण.

१६ सप्टेंबर

सत्राचा आढावा. मुख्याध्यापिकांचा प्रश्न: पुढच्या सत्रात अर्धवेळ मुलं दहा करायची का? मी नाही म्हटलं. जागा आहे, बाकं आहेत. प्रश्न वह्यांचा आहे. रोज येणाऱ्यांच्याही धरल्या तर रविवारी रात्री मी वह्यांच्या ढिगात असते. न वाचलेली वही ठेवण्यापेक्षा नसलेली बरी, कारण पालकांना लगेच कळतं. आजोबांनी तर तिसऱ्या ओळीत "ताई, वाचले असल्यास टिचकी मारावी" असं लिहून परीक्षा घेतली होती.

ठरलं ते असं: अर्धवेळ मुलं सहाच्या वर नाहीत. बुधवारची शेवटची तासिका वह्या वाचायला मोकळी, त्या वेळी वर्ग खेळाच्या शिक्षकांकडे. घरभेटी महिन्याला एक, पण नव्या मुलाच्या पहिल्या महिन्यात दोन. सलग दिवसांचा पर्याय बंद. आणखी दोन कुटुंबं विचारून गेली आहेत. जागा एकच आहे, ती कोणाला हे दोन्ही मुलांना वर्गात एक सकाळ बसवून मग ठरवू. सोमवारीच, नव्या उपक्रमाच्या दिवशी.